चारच्या वर नाही

पुलापलीकडे, सावर्ड्याच्या वळणावर,
जिथे खाणीचे ट्रक धुवायचे,
तिथल्या सवलतीच्या दुकानाला यंदा तिसरी चवथ येईल.
आत गार. बाहेर मे महिना,
टायरच्या वासाचा.

मी शिकले ती पैसे घालवून.
साखर तिथलीच घ्यावी, किलोमागे चार रुपये सुटतात.
मीठ, माचीस, भांडी घासायची तार,
यांना कुठे चव असते?
स्टीलचे डबे मात्र नशिबानेच मिळाले:
झाकण अजून इतके घट्ट
की माझ्याच बोटांना आता जमत नाही.

तांदूळ नको. उकडा असे पुडीवर छापतात,
पेजेला तो वास येत नाही तो नाहीच.
आमसुलांना हात लावू नये.
काळी, ओली, मिठाने जड,
वजनात समुद्र विकतात मेले.
आणि ती घडीची खोवणी, नव्याण्णव रुपयांची,
पहिल्याच नारळाला तिने मान टाकली.
फरशीचा दांडा मोडला तेव्हा
त्याच्यावर फुकट मिळालेला काढला.
तोही त्याचाच भाऊ.

येताना मी बाजारातून येत नाही.
चर्चच्या मागून येते,
ती पिवळी पिशवी कापडी पिशवीत कोंबून,
तरी चुरचुरते.
कारण बाजाराच्या तोंडाशी शिरसाटांचा पसरा,
आणि पसऱ्यात एकतीस वर्षांची माझी उधारीची वही.
हे बांबोळीला सहा आठवडे पडून होते
तेव्हा उल्हास शिरसाटाने
एकदाही बेरीज मारून दाखवली नव्हती.

म्हणून जाते अधूनमधून.
पन्नास ग्रॅम जिरे. चार तिरफळे. एक उदबत्ती.
तो पुडी बांधतो, दोरा दाताने तोडतो.
"बाय, तेल नाही न्हेले बरेच दिवस?"
"डॉक्टरने कमी कर म्हटलंय."
"बरोबर," म्हणतो,
आणि दोऱ्याचे रीळ बघत राहतो.

गेल्या बुधवारी तेल उतरले.
लिटरमागे अठरा रुपये, माणशी चार पुड्या.
रांगेत माझ्यापुढे कुणीतरी टोपी भुवयांपर्यंत ओढून,
ट्रॉलीत सहा.
गल्ल्यावरची सेलिन म्हणाली,
"अंकल, चारच्या वर नाही.
मागच्या कुणाला तरी विचारा."
तो मागे वळला.
मागे मी.

त्याने माझ्या ट्रॉलीत पाहिले: साखर, डबा, दोन पुड्या तेल.
मी त्याच्या.
थंड हवेचे यंत्र तेवढे बोलत होते.
"डॉक्टर काय म्हणतो?" त्याने विचारले.
"कमी कर म्हणतो," मी म्हटले.
"तुमच्या दोन ह्यात घालू?"

पुलावरून आम्ही काहीच बोललो नाही.
खाली जुवारी, ओहोटीची, तांबूस,
एक रिकामा बार्ज चिखलात रुतलेला.
पूल संपला तसा तो आपण होऊन
चर्चच्या मागच्या वाटेला वळला.
कुठे दगड निसटता, कुठले कुत्रे भुंकते,
सगळे पाठ होते त्याला.

पसऱ्यात शिरून आधी त्याने
नखाने सवलतीच्या चिठ्ठ्या खरवडल्या.
मग फळीवर तेल लावले, दहा रुपये चढवून.
मी बघत होते; त्याने लपवले नाही.
एवढ्यात शेजारच्या गॅरेजमधला पोर आला,
एक पुडी उचलली,
"पगाराला देतो," म्हणाला,
आणि शिरसाटाने वही ओढली.

माझ्या दोन पुड्यांचे पैसे मोजून दिले, सुट्टे सुद्धा.
मग गल्ल्याखालच्या बरणीतून
कागदात आमसुले बांधली. सुकी, वाकडी,
गेल्या उन्हाळ्याची घरची.
"तिथली घेऊ नको," म्हणाला. "मी घेऊन बघितली."
"किती झाले?"
"पाव किलोचे लिहितो."
माझे पान त्याला शोधावे लागले नाही.

घरी येऊन वजन केले.
वीस ग्रॅम कमी.