लाइन्समन

मैदानाला तीन बाजूंनी कुंपण आहे.
चौथ्या बाजूने मेंढ्या येतात.
त्यांना हाकलणं खरं तर माझं काम नाही,
पण पंच मासेरूहून येतात आणि त्यांची टॅक्सी
कायम एका प्रवाशासाठी खोळंबलेली,
म्हणून मेंढ्या माझ्याकडे. चुनाही.

एरवी मी सातवीला गणित शिकवतो.
मागच्या मोसमाचे एकशेऐंशी मालोटी
संघटनेकडे अजून येणे आहेत.
बुडाले असं कुणी म्हणत नाही,
देतो असंही नाही.

बारमधल्या टीव्हीवर दुसऱ्यांची लीग चालते.
पोरं तिचेच शर्ट घालून आमची मॅच बघायला येतात.
आमचा देश एकाच देशाच्या पोटात;
कुठूनही उतरा, खाली तेच फाटक, तोच शिक्का.
पण गुणतक्ता आमचा आहे.
सोळा नावं.
तळाची दोन खाली जातात.

मे महिन्यातला शेवटचा रविवार, मफेटेंग.
पॉप्लर उघडे पडलेले,
गोलपोस्टच्या पायाशी दुपारी दोनलाही गोठलेलं दव.
दोनशे बारा माणसं (मोजायची सवय जात नाही),
खांद्यावर पिनेने अडकवलेली ब्लँकेटं,
आणि गोलमागे माखाउहेलो, कढईतून
माक्वेन्या काढत, मॅचकडे पाठ करून.

जेल खात्याचा गोलकीपर रामाकात्सा.
सहा दिवस किल्ल्यांचा जुडगा, सातव्या दिवशी हातमोजे.
समोर लिफोफोंग रोव्हर्स, अकरा नंबर मोखेथी:
दुसऱ्याच्या नऊ मेंढ्यांपायी दोन वर्षं आत होता,
रामाकात्साच्याच बराकीत.
तिथे संध्याकाळी पोत्याचा चेंडू,
दोन बादल्यांचा गोल,
आणि बादल्यांच्या मधे साहेब स्वतः, टोपी काढून.
हे सगळ्या गावाला ठाऊक.
कोण कुठे मारतो आणि कोण कुठे झेपावतो
हे त्या दोघांनाच.

शून्य-शून्य.
बरोबरी झाली तर रोव्हर्स खाली.
एकोणनव्वदाव्या मिनिटाला मोखेथी पडला,
पाडला गेला, त्यात वाद नाही.
वाद एवढाच की रेषेच्या आत की बाहेर.
पंच लांब होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
पाय रेषेवर होता. रेषेवर म्हणजे आत.
मी झेंडा दाखवला.

आता सकाळचं सांगतो.
तिथवर येईतो चुना संपत आला होता.
दोन मेंढ्या ओल्या रेषेतून चालत गेल्या,
आणि मी उरलेल्या चुन्याने, दोरी न लावता,
नजरेच्या अंदाजाने
रेष पुरी केली.

मोखेथीने चेंडू ठेवला. उचलला. परत ठेवला.
रामाकात्सा बरोबर बाजूला झेपावला,
अगदी बरोबर, बोटंही लागली,
पण चेंडू गोठलेल्या मातीवर अवचित उसळला
आणि जाळीत, म्हणजे जाळी जिथे आहे तिथे.
तिथून पुढे माखाउहेलोच्या कढईपर्यंत.
तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं.

रोव्हर्सवाले नाचले. मोखेथी नाही.
तो बूट सोडत बसला, फार वेळ, एकच बूट.

माणसं गेल्यावर मी टेप काढली.
एकट्याने टेप धरता येत नाही;
दुसरं टोक दगडाखाली ठेवत होतो, सारखं सुटत होतं.
रामाकात्सा जॅकेट घ्यायला आला,
काही न विचारता खाली बसला
आणि गोलरेषेवर
शून्य अंगठ्याखाली दाबून धरलं.

हवेत सोळा मीटर पन्नास.
माझ्या बोटाखाली सोळा नव्वद.

“किती?” तो तिकडून ओरडला.
वारा होता. दोनदा ओरडावं लागलं त्याला.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

त्याने अंगठा उचलला.
टेप गवतावरून सरसरत
माझ्याकडे परत आली.