पातेल्याला स्वेटर

आठ अंशांवर आलंय नाशिक.
शरणपूर रोडच्या आमच्या ओट्यावर
पीठ झाकून तीन तास झाले,
यीस्ट ढिम्म.

शेवटी शांतवनदादाचा स्वेटर काढला,
ओझरच्या कारखान्यातला, कोपरावर विरलेला,
आणि घातला पातेल्याला.
बटणंसुद्धा लावली.

रात्री दोनला उठून पाहते तर
मधलं बटण ताणलेलं,
जेवून उठल्यावर त्याचं ताणायचं तस्सं.

रूथवहिनी जागीच होती. हसली.
मग बराच वेळ मनुका निवडत बसली,
पिंपळगावच्या,
निवडून झालेल्याच.

नाताळला सत्तावीस माणसं.
रोल होतील तेवढे होवोत,
गोड बन मात्र तीस, ती म्हणाली.

तीन उरतील की!

उरू देत.
तो म्हणायचा ना,
शिळ्या बनलाच चहा मानवतो.