रात्रपाळी

रविवारच्या शाळेत ओबेद तोरणेनं हात वर केला.
नऊ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले.
"बाई, गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे म्हणं.
तिथं कुणी राहत असंल
तर येशू त्यांच्यासाठी पण मेला का?
का पुन्हा मरावं लागंल त्याला?"
आणि पोरं हसायच्या आत, घाईघाईनं,
"त्यांना हातच नसले तर खिळे कुठं ठोकायचे?"

एकतीस वर्षं मी मिशन दवाखान्यात सिस्टर होते.
खिळ्यांचं मला विचारू नये कुणी.
मी म्हटलं, चला, गाणं म्हणू या.

उपासनेनंतर हिवाळे पाळकांना गाठलं.
"शास्त्रात नाही त्यात आपण शिरू नये, सिस्टर,"
म्हणाले, आणि एक चप्पल पायात, एक हातात
तसेच थांबले.
"पण पोरगं कुणाचं?"

आज बारावा दिवस.
जायकवाडीची लाइन पुन्हा फुटली होती,
नळ दोनला येणार, तीनला येणार,
गल्लीभर हंडे जागे आहेत.
एरवी स्टीलच्या भट्ट्यांनी तांबूस असतं जालन्याचं आभाळ,
आज वीजही गेली
आणि बियाण्याची गोणी उसवावी तसे तारे.
पेरलेत की नुसतेच सांडलेत,
गच्चीवरून कळत नाही.

नव्व्याण्णव मेंढरं रानात ठेवून
एकामागं गेलेला मेंढपाळ
मी किती वर्षं फळ्यावर काढला,
आणि दरवेळी धरून चालले
की ते एक म्हणजे दुसरंच कुणी,
माझा धाकटा दीर वगैरे.
पण हरवलेली ही सगळी जमीनच असली तर?
परतूर, मंठा, रोम, यरुशलेम
मिळून एकच मेंढरू,
बाभळीत अडकलेलं,
आणि नव्व्याण्णव तिकडं वर, कधीच न चुकलेली.
वधस्तंभ त्यांना ठाऊक नाही.
एवढंच ठाऊक
की तो एकदा बाहेर पडला
आणि अजून आला नाही.

रात्रपाळीला माझ्याकडे तीस खाटा असायच्या.
अकरा नंबरला बदनापूरची गयाबाई,
स्टोव्हचा भडका.
पहाटेपर्यंत मी तिथून हलले नाही.
बाकीच्या एकोणतीस जणी झोपल्या होत्या,
माझी माया त्यांना कमी पडली
असं कुणी म्हणालं नाही.
सकाळी एक जण मात्र म्हणाली,
"सिस्टर, तुमच्या हाताला जळका वास येतोय,"
आणि उशाचा तांब्या
माझ्या हातावर ओतला.

तसंच असेल, ओबेद.
हात नसलेल्यांच्या गावी तो जाईल
तेव्हा हातांसकट जाईल.
ते विचारतील, हे काय झालं?
मग त्याला आपली गोष्ट सांगावी लागेल,
जालन्यासकट.

की नाही सांगणार?
आणि जे जन्मापासून पाण्यातच आहेत
त्यांचा बाप्तिस्मा कशानं करायचा?
आम्ही इथं अर्ध्या तांब्यात उरकतो.
रात्री अडीचला हे असलं सुचतं माणसाला.

खाली नळानं घसा खाकरला.
आधी नुसती हवा येते, हुस्स करून.
नवखा माणूस म्हणेल, काही नाही यात, झोपा.
आमच्या गल्लीतल्या बाया
तेवढ्यावर हंडा लावतात.