इतिवृत्त

हजर एकोणीस. मी धरून वीस,
पण लिहिणाऱ्याला मोजत नाहीत.
जागा: रामबाग, इंदूर, वाचनालयावरचा हॉल.
वेळ साडेपाचची, सुरुवात सव्वासहाला,
कारण शिधयेतात्यांना जिना चढवायला दोघे लागले.
विषय एकच. पराभव, आणि पक्षाची पुढची दिशा.
'दिशा'ची वेलांटी तात्यांनी वाकून तपासली.

निशाणी आमची दाराची कडी.
सत्तावीस वर्षं या वॉर्डात
भिंतीभिंतींवर गेरूने काढलेली,
आणि खाली: आपलं घर, आपली कडी.

तात्या म्हणाले, वाकलो म्हणून हरलो.
तिकीट दिलं त्या मोबाईलच्या दुकानवाल्याला,
ज्याला आपल्या प्रार्थनेचं दुसरं कडवं येत नाही.
लोकांनी पाहिलं, यांचं यांनाच पटेनासं झालंय.
होतो तिथे परत जा.
परत म्हणजे नेमकं कुठे
हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
इतिवृत्तात प्रश्न नसतात.

ओंकार विपट उठला. वय एकतीस, मांडीवर लॅपटॉप.
तात्या, वाकलो नाही म्हणून हरलो.
खान नदीपलीकडच्या त्या दोन टॉवरांत
अकराशे मतं आहेत. त्यांना हवा होता टँकर.
आपण वाटली मोडीच्या वर्गाची पत्रकं.
हशा.
(हा शब्द नंतर खोडला.)

मग मंडलोईजी, आमच्यातले एकटे माळवी,
मराठी बोलताना क्रियापदाच्या आधी
पान सावकाश एका गालातून दुसऱ्या गालात नेणारे.
देखो भिया, कडीची कामं दोन.
आतून लावायची
नि बाहेरून वाजवायची.
पाच सालात आपण कोणाची वाजवली?
कोणीतरी 'वा' म्हणालं.
वा म्हणणाऱ्यानेही कोणाची वाजवली नव्हती.

मध्ये चहा. गराडू कमी पडले, जीरावन उरलं.
याबाबत एकमत.

मालिनी टेंबे तोवर बोलल्या नव्हत्या.
मतमोजणीच्या दिवशी टेबलाशी बसलेल्या त्याच.
पर्समधून किराण्याचं बिल काढलं,
उलट्या बाजूला पेन्सिलीचे आकडे.
बूथ एकशे चार, म्हणाल्या. आपली गल्ली.
इथे बसलेले सगळे तिथेच मत देतात.
माणसं एकोणीस, घरं सतरा.
घरटी चार मतं धरली तर अडुसष्ट.
पडली बावीस.

म्हणजे आपण,
आणि आणखी तीन.

पंखा तेवढा बोलत राहिला.
विपटने लॅपटॉप मिटला, हळू, झोपलेलं मूल निजवावं तसा.
जो तो मनातल्या मनात
आपल्या जेवणाच्या टेबलाभोवती फिरून आला:
बायको, मुलगा, सून, पहिल्यांदाच बोटाला शाई लागलेली नात.
त्या दिवशी सगळे एकाच गाडीतून गेले होते.
येताना सराफ्यात थांबून जिलबीही खाल्ली होती.

तात्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि न लावताच म्हणाले,
सुनेला मी कधी विचारलंच नाही.
धरूनच चाललो.

हे लिहू नका, मागून कोणी म्हणालं.
मी पेन उचललं.
त्या तिघांत मी आहे की नाही
हेही कोणी विचारलं नाही.
लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.

तेवढ्यात दार वाजलं.
सात वाजले होते, सातला हॉल कथकच्या वर्गाचा.
बाहेर मुली, घुंगरांच्या पिशव्या,
आणि आम्हीच आतून लावलेली कडी.
एकोणीस जण तिच्याकडे बघत बसले.
पुन्हा वाजली.
अहो, उघडा कोणीतरी, टेंबेबाई म्हणाल्या,
आणि कोणीतरीची वाट न बघता स्वतःच उठल्या.

ठराव नाही.
उरलेलं जीरावन मंडलोईजींनी पुडीत बांधून नेलं.
खुर्च्या कोणी उचलायच्या यावर थोडा वाद.
पुढची सभा: तारीख कळवू.