बारा मीटर

फ्लीटवुडच्या वाऱ्यात मीठ असतं.
सायकलची चेन इथे दोन हिवाळे टिकते,
फाटकाची कडी तीन.
नॉर्मन थ्रेलफॉलची केबल मात्र छपरावर
एकोणतीस वर्षं टिकली, असं तो म्हणतो,
आणि एक एरियल उतरवल्यावर तिची मला देऊन टाकतो:
सुतळीने तीन जागी बांधलेलं वेटोळं,
माझ्या गाडीच्या डिकीत, ओल्या कुत्र्यासारखं.
"अठरा मीटर आहे, सू. जाड आहे. नवी घेऊ नकोस."
माझं नाव सुनेत्रा. त्याला सू पुरतं.

त्याआधी आठवडाभर मी हिशेब मांडत होते
नाईट ड्युटीत, सलाईनच्या थेंबाथेंबांमध्ये.
बारीक केबल स्वस्त, दोऱ्यासारखी वळते,
पण दोन मीटर बँडवर, अठरा मीटर लांबीत,
निम्म्याहून जास्त ताकद वाटेतच खाते.
चाळीस मीटर बँडवर तीच अगदी साधुसंत.
टीव्हीची तपकिरी केबल घरात पडूनच आहे,
पण ती पंच्याहत्तर ओहमची, माझा सेट पन्नासचा.
चालून जाईल, म्हणतात काही जण,
जसं जावयाबद्दल म्हणतात.
आणि नवी, जाड, दुहेरी जाळीची,
तिची किंमत विचारून मी फोन ठेवला होता.

धर्माची गाय आणि दात का नाय,
हे मला पाठ आहे.
तरी रात्री साडेअकराला सुरी घेतली,
वरचं काळं आवरण गोल कापलं, सोललं.
आतली जाळी हिरवी-काळी,
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकावं तशी.
बोटाला भुकटी लागली.
प्लगमधून पाणी शिरलं होतं
थोडं थोडं, कुणाला न सांगता, कधीपासून
हे त्याला कसं कळावं?
ट्रॉलरवर रेडिओ ऑफिसर होता तो.
हल्ली आवाज फिके येतात तेव्हा म्हणतो,
बँडवर माणसंच राहिली नाहीत.

फूटभर कापलं. काळं.
आणखी फूटभर. काळं.
मग मीटर-मीटरने, फरशीवर गुडघे टेकून.
चौथ्याला तपकिरी.
सहाव्याला तांबं,
दिवाळीच्या आदल्या दिवशी
चिंचेने घासलेल्या बंबासारखं.

उरले बारा.
वरच्या खोलीतून परसातल्या खांबापर्यंत सतरा लागतात.
मी जिन्यात बसले बराच वेळ.
मग सेटच खाली आणला,
स्वयंपाकघरात, खिडकीशी, मिसळणाच्या डब्याशेजारी.
तिथून साडेअकरा पुरतात.
वर कशाला ठेवला होता?
चांगली खोली म्हणून. कुणी आलं तर दाखवायला.
कुणी आलं नव्हतं.

प्लग जोडले. राळेच्या धुराने डोळे चुरचुरले.
वरून टेप, ताणून, तीन थर,
जखमेवर बांधावा तसा नाही, त्याहून घट्ट.

रविवारी दहाला हाक दिली.
चार गल्ल्यांपलीकडून तो म्हणाला,
"स्वच्छ येतेस. कुठली केबल?"
"तुमचीच."
"किती लागली?"
रेडिओवर खोटं बोलायचं तर
बटण दाबून धरावं लागतं.
मी दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.
"बाराच उरली."

सूंऽऽ, नुसती.
फोडणी देऊन झाली असती एवढा वेळ.

"म्हणजे सहा गेली."
"सहा."
"वरच्या टोकाकडून?"
"वरच्या टोकाकडून."

पुन्हा सूंऽऽ, आणि त्यात
त्याच्या खुर्चीचं करकरणं, अगदी स्पष्ट.

"दुसरी अजून छपरावर आहे," तो म्हणाला.
"त्याच दिवशी टाकलेली. त्याच ड्रममधली."
मग थोड्या वेळाने,
"मंगळवारी सुट्टी असते ना तुला?
सुरी घेऊन ये."