पेव

हळदीच्या गावात राहून कृष्णधवल फोटो काढायचे
म्हणजे शेजारणीचं नाव टाळून तिची गोष्ट सांगायची,
असं दस्तगीरमामू म्हणायचे,
गणपती पेठेत, जिन्याखालच्या डार्करूममध्ये,
लाल बल्बखाली कागद हलवत.
त्यांच्या बोटांना हायपोचा वास,
बाहेर अख्ख्या पेठेला हळदीचा.
भिंगावर मात्र ते पिवळी काच चढवायचे.
"निळं मागं सरतं बघ, मग ढग पुढं येतात."
पिवळ्यानंच काळं गडद होतं
हे मला त्या वयात कळलं नाही,
नुसतं पाठ झालं.

आता मला अंधार लागत नाही.
कार्डावर दोन हजार चित्रं मावतात,
मामूंचं "बारा म्हणजे बाराच" तेवढं मावत नाही.
पडद्यावर पट्ट्या आहेत, रंगागणिक एक.
पिवळी डावीकडे नेली
की वाळत घातलेली सगळी हळद कोळसा,
उजवीकडे नेली की मीठ.
एकाच दुपारी, खुर्चीवरून न उठता
मी दोन्ही करून पाहिलं
आणि लॅपटॉप मिटला.

माघ सरता सरता हरिपूरला गेले.
चिंचांखालून स्कूटर, अंगावर ऊन-सावलीचे फटके.
संगमावर पाणी उतरलेलं.
कृष्णा कुठली, वारणा कुठली
हे जाणती माणसं रंगावरून सांगतात म्हणे.
माझ्या पडद्यावर दोन्ही करड्या,
एक जरा खरखरीत.

पलीकडे पेवांचं मैदान. वरून काहीच नाही.
उंचवटलेली माती, ढेकळं, एक शेळी.
हळद सगळी खाली, पोटात.
असल्या जागेचं निसर्गचित्र काढायला गेलं
तर फोटोत येते ती फक्त शेळी.

आदगोंडा मगदुमांनी एक पेव उघडायला घेतलं होतं.
माती खरवडली, दगड सरकवला,
आणि सगळे बाजूला बसून तंबाखू मळायला लागले.
म्हटलं, उतरत का नाही?
"उघडल्या उघडल्या उतरू नये, बाई.
आत वारं नसतंय.
आधी कंदील सोडायचा. तो राहिला तर माणूस."
दोरीनं कंदील खाली गेला. विझला.
परत तंबाखू.
तासाभरानं पुन्हा गेला, आणि राहिला.

त्या तासात मी एकही फोटो काढला नाही.
दगडाची सावली वितीची हात झाली.
शेळी उठून दुसऱ्या पेवावर बसली.
तोंडाशी वाकून पाहिलं तर काळं,
काळ्याच्या आत कमी काळं,
आणि तळाशी, कंदिलापाशी,
काहीतरी, ज्याला मी रंगाचं नाव दिलं नाही.
मग पहिली टोपली वर आली, रास ओतली गेली,
तेव्हा एकदाच बटण दाबलं.

रात्री फाइल उघडली.
कॅमेऱ्याला कितीही काळंपांढरं बजावलं
तरी तो रंग टाकत नाही.
आत ठेवतो, दगड लावून, वरून माती लिंपून.
एक खूण काढली की जसाच्या तसा.
मामूंच्या निगेटिव्हला परतीची वाट नव्हती,
माझ्या फाइलला आहे.
त्या खुणेवर माझं बोट किती वेळ होतं
ते सांगत नाही.
पिवळी पट्टी होती तिथंच राहू दिली.

पंधरवड्यानं प्रिंट घेऊन गेले.
मगदुमांनी हात धोतराला पुसले,
कागद कडेनं धरला,
मामू निगेटिव्ह धरायचे तसा.
"हळद कुठाय ह्यात?"
ही, म्हटलं. ही करडी.
वाटलं, हसतील.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
कागद उन्हाकडे तिरका केला,
सौद्याच्या वेळी वानगी बघावी तसा.
"राजापुरी," म्हणाले.
"सेलमचं बोट लांब असतंय."
आणि प्रिंट खिशात न मावणारी,
म्हणून टोपीखाली धरून
तसेच उन्हातून काट्याकडे गेले.