तीन, दोन, पाच

फाहाहीलचं क्लिनिक, शुक्रवारची संध्याकाळ.
खुर्ची मागे कलते
आणि मी पाइपखाली उताणा झोपलोय असं वाटतं.
डॉक्टर नजला एक बारीक सळई घेतात, टोकाशी काळ्या खुणा,
दात आणि हिरडीमधल्या फटीत अलगद सोडतात
आणि आकडे सांगतात. मारिसेल लिहून घेते.
तीन. दोन. पाच.
पाच. सहा. रक्त.

हे मला येतं.
मिना अब्दुल्लात अकरा वर्षं मी हेच करतोय:
पाइपाला जेल लावायचं, मीटर टेकवायचा,
आकडा ओरडून सांगायचा, खाली हनीफ पारकर लिहितो.
नऊ पॉइंट पाच. नऊ पॉइंट एक. सहा पॉइंट दोन.
सहाला आम्ही दोघंही गप्प होतो.
फरक एवढाच की तिथे आकडा उतरला की धडकी भरते,
इथे चढला की.

पाइपावरचा पत्रा नेहमी चकचकीत असतो.
गंज त्याच्या आत, ओल्या लोकरीत,
कुणाला न दुखवता चरत राहतो.
माझे दातही तसेच. एक कीड नाही,
उसाचं कांडं अजून दातांनी सोलतो.

रमजानात हनीफच्या सोबतीने सिगरेट सोडली,
दुसऱ्याच आठवड्यात ब्रश गुलाबी.
म्हटलं, सोडल्यामुळेच झालं.
ब्रश मऊ आणला. पेस्ट बदलली.
मग त्या कोपऱ्यात ब्रश न्यायचाच बंद केला,
आणि रक्त थांबलं असं घरी कळवलं.
डॉक्टर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, सूज जुनीच आहे,
धुराने तिचं तोंड दाबून धरलं होतं.

आईची दाढ भाकरीच्या घासात आली होती.
अख्खी, मुळासकट, पांढरीशुभ्र.
ताटाच्या कडेला ठेवून ती म्हणाली, वय झालं.
त्रेचाळीस.
मशेरीची डबी त्या दिवशीही उघडली तिने,
हिरड्या घट्ट होतात म्हणून.

आपल्याकडे दात कोरून पोट भरत नाही,
दात आहेत तर चणे नाहीत,
आपलेच दात, आपलेच ओठ.
हिरडीवर एक म्हण आठवत नाही मला.
जिने धरून ठेवलं, तिचं नावच नाही कुठे.

अर्धं तोंड बधिर. यंत्र सुरू होतं.
पाण्याचा फवारा, बारीक किंकाळी,
आणि मुळावरचा कीट कपच्यांनी सुटतो.
कीट. लोखंडालाही आम्ही हाच शब्द वापरतो.
उरलेलं अर्धं पुढच्या शुक्रवारी.

हाडाचं काय, मी विचारतो, जड जिभेने.
गेलं ते गेलं, त्या म्हणतात,
उरलंय ते राखायचं. साखर तपासून घ्या.
दर तीन महिन्यांनी या.
मी मान हलवतो. झिजलेल्या पाइपाची जाडी
कुणीच परत आणत नाही.
पण पाइप शटडाउनला बदलता येतो.

आता रात्री, खोलीतल्या एकुलत्या बेसिनशी,
बाटली घासायच्या ब्रशाचं पिल्लू असावं
असा तारेचा ब्रश दातांच्या फटींतून फिरवतो.
पहिले दहा दिवस रक्त. मी थांबलो नाही.
जिथे रक्त, तिथेच जायचं, असं मारिसेलने बजावलंय.
अकराव्या दिवशी पाणी जवळजवळ स्वच्छ.
बहिणीला फोन केला: तूही दाखव.
ती म्हणाली, मला काही दुखत नाही रे.
मी म्हटलं, तेच तर.

तीन महिन्यांनी पाचाचे चार झाले, काही ठिकाणी तीन.
मागची एक दाढ सहावरच अडून आहे.
खोलीवर आलो तर हनीफ गॅलरीत, तोंडात मिसवाक.
रीडिंग? त्याने विचारलं.
सांगितलं.
सहाला तो गप्प झाला, कामावर होतो तसाच.
मग बाजूला थुंकला, पाण्याने ते घाईघाईने ढकललं,
पण मी पाहिलं होतं.

हेल्मेटवरची बॅटरी काढली.
हनीफ, म्हटलं, इकडे उजेडात ये.
आ कर.